तक्रार ‘क्लोज’ करायचा हक्क कोणाचा?



तुमच्या फोनवर असा मेसेज कधीतरी आलाच असेल: ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. धन्यवाद.’ मेसेज वाचून तुम्ही राउटरकडे बघता, तर लाल दिवा तसाच. इंटरनेट बंद, कार्ड मशीन बंद, काउंटरवर गिऱ्हाईक उभं आणि कंपनीच्या दप्तरी तुमचा प्रश्न सुटलेला!

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ग्राहकांच्या तक्रारींवर बोललो. वेळेअभावी एक मुद्दा अर्धवट राहिला, तो इथे सविस्तर मांडतोय. मोबाईल आणि इंटरनेट कंपन्या नेटवर्कच्या तक्रारींना कसं उत्तर देतात, हे आपण सगळे रोज फुकटात बघतो. त्यातून काय उचलायचं आणि काय अजिबात उचलायचं नाही, हे नीट समजलं तर महागड्या कस्टमर सर्व्हिस कोर्सची गरज पडणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तक्रार सुटली, हे म्हणायचा हक्क फक्त ग्राहकाचा आहे. कंपनीने काम केलं असेल, माणूस पाठवला असेल, वायर बदलली असेल. पण ‘सुटलं’ हा शब्द ग्राहकाच्या तोंडून यायला हवा. मोठ्या कंपन्या हे विसरल्या तरी तरून जातात. तुम्ही-आम्ही नाही तरत.

५ फेब्रुवारी २०२२, शनिवार

मुंबईकरांना ही तारीख सहज आठवेल. लतादीदी गेल्या, त्याच्या आदल्या दिवशीचा हा शनिवार. त्या दिवशी मुंबईत जिओचं नेटवर्क काही तास कोलमडलं. फोन लागेना, येईना. दुसऱ्या कंपनीच्या नंबरवरून केला तरी लागेना. शनिवार म्हणजे छोट्या धंद्याचा कमाईचा दिवस. घरून केक करणारी, टेम्पो चालवणारा, पार्लरच्या अपॉइंटमेंट फोनवर घेणारी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ज्यांचा नंबर हेच ज्यांचं दुकान, त्या सगळ्यांचं शटर जणू कोणीतरी बाहेरून ओढून घेतलं.

सेवा त्याच दिवशी पूर्ववत झाली. त्यानंतर कंपनीने काय केलं ते बघा. ज्यांना त्रास झाला त्या ग्राहकांना स्वतःहून मेसेज पाठवला. सकाळी सेवा विस्कळीत झाली हे मान्य केलं, माफी मागितली, आणि दोन दिवसांची जादा व्हॅलिडिटी आपोआप जमा करत असल्याचं कळवलं.

यातल्या तीन गोष्टी मला आवडल्या. एक, ग्राहकाला अर्ज करावा लागला नाही. ‘पुरावा द्या, स्क्रीनशॉट पाठवा, फॉर्म भरा’ असलं काही नाही. दोन, उशीर केला नाही. त्रास ताजा असतानाच उत्तर आलं. तीन, ‘काही ग्राहकांना अडचण आली असल्यास’ असं मोघम न लिहिता, ‘तुम्हाला त्रास झाला’ असं थेट म्हटलं. ‘असल्यास’ या एका शब्दाने अख्खी माफी वाया जाते. माफी मागायची तर सरळ मागावी.

आता उरलेली बाजू. त्या मेसेजमध्ये बिघाड नेमका कशामुळे झाला, ते नव्हतं. पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, तेही नव्हतं. आणि दोन दिवसांची किंमत काढून बघा. तेव्हा रोज दीड जीबीचा ८४ दिवसांचा प्लॅन ६६६ रुपयांना होता. म्हणजे दिवसाला साधारण आठ रुपये, दोन दिवसांचे सोळा. ज्याने फोनवर फक्त सिनेमे बघायचे, त्याचा हिशेब कदाचित चुकता झाला. पण ज्याची शनिवारची ऑर्डर गेली, त्याच्या हातात सोळा रुपये पडले.

मी कंपनीला दोष द्यायला हे सांगत नाही. प्रत्येकाचा बुडालेला धंदा मोजून भरून देणं कोणत्याच फोन कंपनीला शक्य नाही. पण तुम्ही उद्योजक आहात, तर फरक लक्षात ठेवा: भरपाई आपल्या दरपत्रकाने मोजली जाते आणि नुकसान ग्राहकाच्या घरच्या हिशेबाने. या दोन आकड्यांमधलं अंतर पैशाने भरता येत नाही, तेव्हा ते वागण्याने भरावं लागतं.

एका बिल्डिंगची तक्रार

त्या शनिवारी उत्तर चांगलं आलं, कारण अख्खी मुंबई बघत होती. बातम्या चालू होत्या. खरी परीक्षा असते ती एकाच बिल्डिंगचं, एकाच दुकानाचं कनेक्शन जातं तेव्हा. तेव्हा कोणीही बघत नसतं.

आपल्या चेंबूरच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण देतो. घाटल्याच्या बाजूला घरून डबे देतात. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, हिशेब लॅपटॉपवर. घरात मोबाईलची रेंज यथातथाच, म्हणून सगळी भिस्त ब्रॉडबँडवर. पावसाळ्यात एके दिवशी ब्रॉडबँड गेलं. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, कारण हे कोणत्याही कंपनीत घडू शकतं. तक्रार केली, नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी मेसेज: तक्रार सोडवली. घरी कोणी आलंच नव्हतं! पुन्हा फोन, पुन्हा नवा नंबर. तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘सोडवली’. चौथ्या दिवशी माणूस आला, शेजारच्या गच्चीवर गेला, तुटलेली केबल जोडली, पाच मिनिटांत नेट सुरू.

ताईंचा राग कशावर होता माहितीये? चार दिवस नेट गेलं यावर कमी. पावसात केबल तुटते, हे चेंबूरमध्ये राहणाऱ्याला कळतं. राग होता तो दोनदा आलेल्या खोट्या ‘सोडवली’वर. त्या म्हणाल्या, “सर, उद्या माणूस येईल, एवढं खरं कोणी सांगितलं असतं ना, तर मी त्या चार दिवसांसाठी ऑर्डर फोनवर घेतल्या असत्या.”

हे वाक्य वहीत लिहून ठेवा. ग्राहकाला दुरुस्तीइतकीच खऱ्या माहितीची गरज असते, कारण त्या माहितीवर तो पुढची सोय करतो. खोटं आश्वासन दिलं की त्याची तीही वाट बंद होते.

मग कंपन्या असं करतातच का?

आपल्याला वाटतं, तिकडे बसलेली माणसं बेफिकीर आहेत. तसं नसतं. यंत्रणाच तशी बांधलेली असते. फोन उचलणाऱ्या मुलाला तुमच्या गच्चीवरची वायर दिसत नाही. त्याच्या स्क्रीनवर फक्त तुमचा नंबर आणि एक चौकट असते. तो तक्रार पुढे ढकलतो. पुढचा माणूस बऱ्याचदा कंत्राटदाराचा असतो आणि त्याच्याकडे त्या दिवशी कुर्ल्यापासून मानखुर्दपर्यंतची कामं असतात. प्रत्येक तक्रारीवर घड्याळ लावलेलं असतं. मुदतीत बंद झालेली तक्रार अहवालात चांगली दिसते, उघडी राहिलेली वाईट दिसते. कामाचं मोजमाप ‘किती बंद केल्या’ यावर असेल, तर लोक बंदच करणार. किती सुटल्या, हे कोणी मोजत नाही.

गंमत म्हणजे, तक्रारीवर काय केलं ते ग्राहकाला मेसेजने कळवा, हा नियम आपल्याच भल्यासाठी आहे. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत तो आहे. पण मेसेज पाठवला म्हणजे काम संपलं, अशी सवय लागली की चांगल्या नियमाचाही शिक्का होतो.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेऊ. चेंबूरमध्ये नेटवर्क चालू ठेवणं सोपं काम नाही. टिळकनगर, पेस्तम सागर, सुभाषनगर, जिकडे बघाल तिकडे पुनर्विकास चालू आहे. जुनी इमारत पाडली की तिच्या गच्चीवरचा टॉवर जातो आणि तिथून पुढे गेलेल्या केबलसुद्धा जातात. नवीन वीस-बावीस मजली इमारत उभी राहिली की मागच्या चाळीची रेंज अडते. रस्त्याचं काँक्रिटीकरण, मेट्रोचं काम, गॅसची पाइपलाइन. जेसीबीच्या एका फटक्यात जमिनीखालची केबल तुटते आणि खणणाऱ्याला पत्ताही नसतो. हा त्रास देशभर एवढा आहे की खणण्याआधी केबलवाल्या कंपनीला कळवता यावं म्हणून सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅप आणलं. शिवाय आपणही काही कमी नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘आमच्या गच्चीवर टॉवर नको’ असा ठराव करायचा आणि खाली येऊन ‘रेंज येत नाही’ म्हणून ओरडायचं!

तेव्हा बिघाड होणारच. माझा आक्षेप बिघाडावर नाही. केबल कोणी तोडली, माणूस कधी येणार, हे सगळं ठाऊक असताना ग्राहकाला फक्त ‘असुविधेबद्दल क्षमस्व’ पाठवणं, हा माझा आक्षेप आहे.

बाहेरच्या जगातले दोन धडे

पहिला धडा ४ ऑक्टोबर २०२१ चा. आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम तिन्ही एकदम बंद पडले, ते सुमारे सहा तास. आपल्या किती जणांच्या ऑर्डर त्या रात्री अडकल्या! नंतर कंपनीने कारण जाहीर केलं, आणि स्वतःची चूक न झाकता केलं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आदेशामुळे कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळंच तुटलं. असा चुकीचा आदेश अडवणारी तपासणी होती, पण तिच्यातही दोष होता. दुरुस्ती करायला निघालेल्या इंजिनिअरांना कंपनीचीच कडक सुरक्षा आडवी आली. हे सगळं त्यांनी लिहून सांगितलं.

आपल्याला त्यातलं तांत्रिक काही कळो ना कळो, ‘यांना बिघाड सापडलाय’ एवढा विश्वास बसतो. कारण सांगणाऱ्यावर लोक दुसऱ्यांदा विश्वास ठेवतात. अर्थात, त्या रात्रीची भरपाई छोट्या व्यावसायिकांना मिळाली नाही. मिळणार तरी कुठून? सेवाच फुकट होती. फुकटच्या सेवेवर अख्खा धंदा उभा करणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावं.

दुसरा धडा उलटा आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या धावपळीत राबलेल्या भागीदारांना कंपनीने काय पाठवलं? दहा डॉलरचं खाण्याचं कूपन. काहींनी वापरायला घेतलं तर ते रद्द झालेलं! एकदम इतकी कूपनं वापरली जाऊ लागली की उबरच्या यंत्रणेला तो फसवणुकीचा प्रकार वाटला. आधीचा मनस्ताप राहिला बाजूला, लोक कूपनावर हसले.

तात्पर्य साधं आहे. नुकसानीच्या मानाने फारच किरकोळ भेट देऊ नका. त्यापेक्षा काहीच न देता खरं बोललेलं बरं. आणि द्यायचंच ठरवलं, तर ते चालतं की नाही, हे आधी स्वतः तपासा.

तुम्ही ग्राहक असाल तेव्हा

आता कामाचं बोलू. तुमच्या धंद्याचं नेटवर्क गेलं तर नुसतं चिडून उपयोग नाही, पायरी-पायरीने जा.

१. कंपनीच्या तक्रार केंद्राला कळवा आणि तक्रारीचा नंबर घ्या. नंबर नाही तर तक्रार नाही. तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा.

२. ‘सोडवली’ असा मेसेज आला आणि सुटलेली नसेल, तर त्याच दिवशी लेखी कळवा. राउटरच्या लाल दिव्याचा फोटो काढून ठेवा.

३. समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करा. याला फी नाही. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ही पायरी बहुतेकांना माहीतच नसते. लोक थेट ट्रायला पत्र लिहितात, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, नियम बनवतं.

४. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मार्गदर्शनासाठी मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५ पासून हे काम करते आहे.

५. शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात की नाही, यावर बरीच वर्षं वाद होता. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की चालतात. फक्त एक काळजी घ्या. कनेक्शन धंद्याच्या नावावर असेल तर कायद्याने तुम्ही ‘ग्राहक’ ठरता का, हा मुद्दा समोरची बाजू काढू शकते. जायच्या आधी जाणकाराचा सल्ला घ्या.

भरपाईचा नियमही माहीत असू द्या. ट्रायने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम आणले. त्यानुसार जिल्हा पातळीवर नेटवर्क २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलं, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला जादा व्हॅलिडिटी द्यावी लागते. लँडलाइन किंवा वायरच्या ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तरी भरपाई द्यावी लागते. डबेवाल्या ताईंनी हाच नियम दाखवून लेखी मागणी केली आणि पुढच्या बिलात सूट मिळाली. रक्कम दीडशेच्या आत होती. पण त्या म्हणाल्या, पैशापेक्षा ‘तुमचं नेट चार दिवस बंद होतं’ हे कंपनीने कागदावर मान्य केलं, त्याचं समाधान मोठं.

या नियमावर माझं मत स्पष्ट आहे: नियम चांगला, पण छोट्या व्यावसायिकाला तोकडा. मुंबई उपनगर जिल्हा वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पसरलाय. एवढा जिल्हा २४ तास बंद पडणं दुर्मीळ. पण चेंबूर कॅम्पातल्या एका गल्लीत शनिवार संध्याकाळचे चार तास नेटवर्क जाणं दुर्मीळ नाही. दुकानदाराचं दिवाळं त्या चार तासांत निघतं आणि त्या चार तासांना नियमात जागाच नाही. नियम करणाऱ्यांनी गल्लीच्या पातळीवर बघायला हवं, हे आपण व्यापारी संघटनांमार्फत मांडलं पाहिजे.

तोवर आपली सोय आपण करायची. दुसऱ्या कंपनीचं एक सिम कायम चालू ठेवा. पेमेंटच्या साउंडबॉक्सचं सिम आणि तुमच्या फोनचं सिम एकाच कंपनीचं नसलेलं बरं. गल्ल्यात सुट्टे ठेवा. आणि नेहमीच्या शंभर ग्राहकांचे नंबर एका कागदी वहीत उतरवून घ्या. जुनाट वाटेल, पण त्या रात्रीचे सहा तास आठवा.

तुम्ही मालक असाल तेव्हा

लेखाचा खरा भाग आता येतोय.

फोन कंपनी तुम्हाला खोटं ‘सोडवली’ पाठवूनही तुम्ही तिच्याकडेच राहता. कारण कंपन्या मोजक्या. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २०११ पासून आहे, पण दुसरीकडेही असंच असेल, या विचाराने आपण कंटाळा करतो. तुमच्या ग्राहकाला असला कंटाळा करायची गरज नाही. चेंबूर नाक्यावर तुमच्या दुकानातून निघालेला माणूस स्टेशनपर्यंत चालत गेला, तर वाटेत त्याला तुमच्यासारखी चार दुकानं लागतात. म्हणून मोठ्या कंपनीची भाषा उचलू नका. ती भाषा त्यांना परवडते.

हल्ली मी बघतो, दोन माणसांचा धंदा असतो आणि ग्राहकाला उत्तर जातं: ‘आपल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमची टीम लवकरच आपल्याशी संपर्क साधेल.’ अहो, कुठली टीम? तुम्ही आणि तुमचा भाऊ! ग्राहक तुम्हाला नावाने ओळखतो, तर नावाने बोला.

समजा, टिळकनगरच्या एका ग्राहकाचा वाढदिवसाचा केक संध्याकाळी सातला पोचायचा होता, तो पाऊण तास उशिरा पोचला. त्याने सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. तिथे दोनशे लोक आहेत. आता उत्तर कसं द्यायचं?

चुकीचं उत्तर: ‘सर, पर्सनलवर मेसेज करा.’ याने ते दोनशे लोक एवढंच समजतात, की काहीतरी लपवलं जातंय.

बरोबर उत्तर: ‘काका, केक पाऊण तास उशिरा आला, चूक आमची. संध्याकाळच्या तीन ऑर्डर एकाच मुलाकडे दिल्या, ते जमणारं नव्हतं. आजपासून सहा ते आठ दोन मुलं ठेवतोय. तुम्हाला आत्ता फोन करतो, पैशांचं आपण बोलून ठरवू.’

बघा, यात काय काय आहे. काय घडलं ते नेमकं आहे, पाऊण तास हा आकडासुद्धा. कारण आहे, आणि ते रडगाणं नाही. पुढे काय बदललं ते आहे. पैशाचा विषय फोनवर नेला, पण चूक सगळ्यांसमोर मान्य केली. म्हणजे खाजगी बोलणं खाजगीत गेलं आणि जबाबदारी उघड राहिली.

आणि यानंतरची पायरी, जी जवळजवळ सगळे विसरतात. दोन दिवसांनी एक फोन करायचा: ‘काका, त्या दिवशीचं मनात राहिलं नाही ना?’ काका ‘नाही रे, झालं ते झालं’ म्हणाले, की तक्रार बंद. त्यांनी बंद केली, तुम्ही नाही.

तुमच्याकडे दुरुस्तीचं काम असेल, मग ते मोबाईल असो, एसी असो, सीसीटीव्ही असो की वायफाय, तर याला पर्यायच नाही. माणूस काम करून निघाला की लगेच पैसे घेऊन ‘झालं’ लिहू नका. ग्राहकाच्या हातात वस्तू द्या, त्याला चालवून बघू द्या, आणि वहीत त्याची सही घ्या. लांबलं तर खरी वेळ सांगा. ‘पार्ट बुधवारी येणार, गुरुवारी दुपारी लावून देतो’ हे वाक्य ‘लवकरात लवकर’पेक्षा शंभरपट चांगलं. आणि बुधवारी पार्ट आला नाही, तर ग्राहकाचा फोन यायच्या आधी तुमचा गेला पाहिजे.

“पण सर, लोक गैरफायदा घेतात”

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो, आणि तो खोटा नाही. अर्धा केक खाऊन ‘चव नाही आवडली’ म्हणणारे असतात. पाच मिनिटांच्या उशिराला फुकट मागणारे असतात. ‘तक्रार बंद करायचा हक्क ग्राहकाचा’ म्हणजे तो मागेल ते द्यायचं, असा अर्थ नाही. ऐकून घ्यायची जबाबदारी तुमची, भरपाई किती द्यायची हा निर्णयही तुमचाच. त्यासाठी नियम आधीच लिहून ठेवा: किती उशिराला किती सूट, कोणत्या चुकीला पूर्ण पैसे परत, कशाला काहीच नाही. नियम लिहिलेला असला की राग आलेला असतानाही तुम्ही न्यायाने वागता. ग्राहक तरीही मानला नाही, तर वहीत तसंच लिहा: ‘समाधान झालं नाही.’ उघडी राहिलेली एक खरी तक्रार खोट्या बंद केलेल्या दहांपेक्षा जास्त शिकवते. महिन्याच्या शेवटी त्या उघड्या तक्रारी वाचा. धंद्यातली गळती कुठे आहे, ते तिथेच सापडेल.

काही जण म्हणतील, एवढा वेळ कुठे आहे? दिवसाला चाळीस ऑर्डर काढणाऱ्याकडे तक्रारी किती येतात? एखादी, फार तर दोन. दोन फोनांना दहा मिनिटं लागतात. फोन कंपनीला हे जमत नाही, कारण तिच्याकडे कोट्यवधी ग्राहक आहेत. तुमचे दोनशे आहेत. लहान असण्याचा फायदा आहे तो हाच, आणि आपण नेमका तोच वापरत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

गेल्या महिन्यातल्या तुमच्याकडच्या शेवटच्या तीन तक्रारी आठवा. प्रत्येकीसमोर एकच गोष्ट लिहा: ती बंद झाली, असं कोणी म्हटलं, तुम्ही की ग्राहकाने? जिथे उत्तर ‘मी’ असेल, त्या ग्राहकाला उद्या दुपारी, दुकानात गर्दी नसताना, फोन करा. काही विकायचं नाही, ऑफर सांगायची नाही. फक्त विचारायचं, “त्या दिवशीचं काम नीट झालं ना?”

पहिल्या फोनला जीभ अडखळेल. तरी करा. आणि समोरून काय उत्तर आलं, ते शनिवारच्या लाइव्हमध्ये सांगायला या. तिथेच पुढच्या भागात भरपाईचा नियम कसा लिहायचा, त्याचा नमुना मी फळ्यावर लिहून दाखवणार आहे. वही-पेन घेऊन बसा!